चराकडची बाजू

चिठ्ठी: कार्बोरेटर. धुऊन, सुकवून ठेवला. बसवताना घाई केली तर पुन्हा उघडावा लागेल. नोव्हेंबर १९६९.

पाठीवर, दुसऱ्या अक्षरात: घाई केली. उघडावा लागला नाही. स्टुरे, मार्च १९७९.

पाठीवरची ओळ खोटी आहे. कार्बोरेटर तीनदा उघडावा लागला, आणि तिसऱ्या वेळी स्टुरेनं पाना कोठाराच्या भिंतीवर असा भिरकावला की फळीवर त्याची खूण अजून आहे. पण कबूल कोणापाशी करायचं? ज्याला हे ऐकवायचं होतं तो आल्गोत आठ वर्षांपूर्वीच चर्चमागच्या टेकाडावर जाऊन झोपला होता. मेलेल्या माणसाशी भांडायचं तर लिहूनच भांडावं लागतं. म्हणून स्टुरे हल्ली खिशात पेन्सिल ठेवत असे.

भांडण तसं सरळ होतं. आल्गोत हा मार्गितचा पहिला नवरा आणि स्टुरे दुसरा. आल्गोत गेल्यावर दोन वर्षांनी स्टुरेनं जहाजावरची नोकरी सोडली आणि तो या घरात राहायला आला. त्याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षांत त्यानं छप्पर बदललं, होडीला नवा तळ बसवला, वाफेच्या अंघोळीची सौना-खोली पायापासून पुन्हा बांधली. तरी कोणी पत्ता विचारला तर गावातले लोक सांगत, "सरळ जा, तळ्याच्या टोकाला आल्गोतचं घर." आल्गोतचं घर, आल्गोतची होडी. एकदा टपालवाली कोणाला तरी "आपल्या आल्गोतची मार्गित" म्हणाली, तेव्हा स्टुरे तिच्या शेजारी उभा होता, हातात माशांची टोपली घेऊन. माशांकडे बघत राहिला बिचारा.

आणि कोठारात आल्गोतची गाडी.

गोथेनबर्गला चौतीस साली बनलेली, दोन दारांची, गडद हिरवी. म्हणजे कधीतरी हिरवी होती आणि पुन्हा हिरवी व्हायची होती. आल्गोतनं तिचा स्क्रू न स्क्रू सुटा केला होता. एकेक भाग घासून, तेल लावून कॉफीच्या डब्यांत आणि सफरचंदांच्या खोक्यांत ठेवला होता, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधली होती. आठ वर्षं त्याचं हे चाललं होतं. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि गाडी खोक्यांतच राहिली.

मार्गितनं ती विकली नाही. दर वर्षी बर्फ वितळलं की ती कोठाराचं दार उघडायची, आत हवा खेळू द्यायची, उंबऱ्यावर उभी राहायची आणि दार लावून परत यायची. पाच मिनिटं. स्टुरेनं घड्याळ लावून पाहिलं होतं.

या वर्षी तिनं दार उघडलं तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला.

"मी पुरी करतो ही."

"कशाला रे?"

"जूनमध्ये मिडसमरच्या सणाला तुला हिच्यातून तळ्याला चक्कर मारून आणतो. सगळ्या गावादेखत."

मार्गितनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती ठेंगणी होती, त्याच्या खांद्यालाही लागत नसे. "जमेल तुला?"

तिनं साधंच विचारलं होतं. स्टुरेला त्यातला 'तुला' तेवढा ऐकू आला.

त्याच्या मनात असं होतं: गाडी रस्त्यावर आली की लोक म्हणतील, स्टुरेची गाडी. एकदा गाडी त्याची झाली की मग होडी, मग घर, आणि मग टपालवालीचं तोंडही वळणावर येईल.

चिठ्ठी: दार, चराकडचं. आधी खालची बिजागरी, मगच वरची. मे १९६८.

पाठीवर: आधी वरची लावली.

त्याखाली, बारीक: काढली.

चर म्हणजे रस्त्याच्या कडेनं पाणी वाहून न्यायला खणलेला असतो तो. इकडे गाडीची डावी-उजवी बाजू असं कोणी म्हणत नाही. चराकडची आणि रस्त्याकडची, बस्स. घोडे होते तेव्हा घोड्यांनाही दोन बाजू ह्याच होत्या. गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेनं चालतात, उजव्या हाताला चर, म्हणून चराकडचं दार म्हणजे उजवं. स्टुरेनं ते उजवीकडे लावलं आणि ते असं बसलं की मिटल्यावर नुसता 'टक' झाला. चराकडचं मडगार्ड लावलं, बसलं. चराकडची पायफळी लावली, तीही बसली.

हाच तर त्रास होता. आल्गोतचं काही चुकतच नव्हतं. 'हा नट अर्धा फेरा सैल ठेव' असं लिहिलेलं असायचं. स्टुरे मुद्दाम पूर्ण आवळायचा, आणि अर्ध्या तासानं गपचूप अर्धा फेरा सैल करायचा. अक्षर ताठ, एकावर एक न चढणारं. स्टुरेचं अक्षर जहाजाच्या हेलकाव्यात शिकल्यासारखं. रोज सकाळी तो डबा उघडताना मनात म्हणायचा, आज चूक सापडू दे. एक. लहानशी.

दहा वाजता मार्गित कॉफी आणि वेलदोड्याचे पाव घेऊन यायची. ती चिठ्ठ्या वाचायची, हे त्यानं पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी येतं का तेही तो बघायचा. यायचं नाही. मग त्याला वाटायचं, इथे येण्याआधीच ती रडून घेते. एक दिवस तिनं दाराची चिठ्ठी उलटून पाठ वाचली.

"बऱ्याच गप्पा होतात वाटतं तुमच्या दोघांच्या."

"कामापुरत्या."

"माझ्याशी बोलतोस त्याहून जास्त," ती म्हणाली आणि कप उचलून गेली. स्टुरेचे कान लाल झाले, आणि त्याबद्दलही त्यानं मनातल्या मनात आल्गोतलाच बोल लावला.

चिठ्ठी: लाकडी ठोकळे, ३. चराकडे. मा. साठी. फेब्रुवारी १९६६.

पाठीवर: पाय दोनच असतात.

बर्च लाकडाचे, मुठीएवढे, उतरते कापलेले ठोकळे. वरून कातडं इतकं सफाईनं चिकटवलेलं की कड नखाला लागत नव्हती. मागच्या बाजूला पोलादी पट्टीचे चाप. स्टुरे ते हातात घेऊन खोक्यावर बसला. हे काय आहे ते त्याला लगेच उमगलं, आणि उमगलं नसतं तर बरं झालं असतं.

मार्गितचे पाय जमिनीला पोचत नसत. चर्चच्या बाकावर, बसमध्ये, स्टुरेच्या स्वतःच्या गाडीत ते लोंबकळत. सहा वर्षं ती त्याच्या शेजारी पाय लोंबकळत ठेवून बसली होती, आणि सहा वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं की खाली काही तरी टेकायला द्यावं. आल्गोतच्या डोक्यात आलं होतं. गाडीला अजून चाकं नव्हती, सीट नव्हती, आणि हा गृहस्थ फेब्रुवारीच्या थंडीत बसून बायकोच्या पायांसाठी कातडं चिकटवत होता.

स्टुरेला असं झोंबलं की त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली, काही तरी हाती लागेल म्हणून. आणि लागलं. तीन! दोन पायांना तीन ठोकळे. त्यानं ताबडतोब पेन्सिल काढली.

पाठीमागचे चाप कशासाठी ते त्याला कळेना. जमिनीवर सपाट बसायला ते आडवे येत होते, म्हणून त्यानं ते करवतीनं उडवले. दोन ठोकळे उजव्या सीटसमोर, चराकडे, तळाच्या फळीत स्क्रूनं घट्ट केले. तिसरा चुलीत टाकला. बर्च छान जळतं.

मग त्यानं मार्गितला हाक मारली. ती आली, हात पुसत, चढून सीटवर बसली. पाय ठोकळ्यांवर ठेवले.

"काय? कसं वाटतं?"

"टेकतात पाय."

"आल्गोतनं केलेत." हे बोलताना स्टुरेला दात उपटल्यासारखं झालं, पण तो बोलला. "मी आपले बसवले."

"ओळखले मी." तिनं टाच उचलून पुन्हा टेकवली. "तिसरा कुठाय?"

"जास्तीचा होता. चुलीत घातला."

"हं," मार्गित म्हणाली. खाली उतरली, दाराच्या काचेवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेली.

तो 'हं' स्टुरेनं चार दिवस चघळला. रडली असती तर एक वेळ चाललं असतं. पण 'हं'! एवढ्याशा 'हं'मध्ये किती आल्गोत मावतो, हे त्याला त्या चार दिवसांत कळलं. जेवताना ती खिडकीबाहेर बघायची तर तो विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "बदक." बाहेर खरंच बदक असायचं. त्याला तेही पटायचं नाही.

चिठ्ठी: पुढच्या दिव्याचं ब्रॅकेट, चराकडचं. ऑक्टोबर १९६५.

पाठीवर: चूक!!!

जूनचा दुसरा शनिवार. गाडीला हिरवा रंग चढला होता, इंजिन दोनदा खोकून तिसऱ्यांदा सुरू झालं होतं. एक डबा राहिला होता, सगळ्यात खालचा. त्यातून स्टुरेनं ब्रॅकेट काढलं, उजवीकडे धरलं, आणि ते बसेना. फिरवलं, उलटं केलं. बाक दुसऱ्याच अंगाला होता. मग डावीकडे नेऊन धरलं. चपखल.

स्टुरे शीळ घालू लागला. अशी शीळ त्यानं जहाज बंदराला लागतानासुद्धा घातली नव्हती. आल्गोतनं डावं-उजवं चुकवलं होतं! शाळेतल्या पोरासारखं! ब्रॅकेट वर्तमानपत्रात गुंडाळून, चिठ्ठीसकट, तो पायीच हिल्डिंगच्या पेट्रोल पंपावर निघाला.

हिल्डिंग हा आल्गोतचा जुना दोस्त. शनिवारी सकाळी पंपाशेजारच्या बाकावर आणखी तिघं म्हातारे कॉफी पीत बसलेले असत, आणि गावात कोणाचं काय चुकलं ते तिथेच ठरत असे.

"या, या," हिल्डिंग म्हणाला. "काय आणलंय? मासा?"

"माशाहून भारी." स्टुरेनं कागद उलगडला. "तुमचा आल्गोत. कधी चुकत नव्हता म्हणे. वाच."

हिल्डिंगनं चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. ब्रॅकेट फिरवून पाहिलं. "मग?"

"मग काय? लिहिलंय चराकडचं, आणि बसतंय डावीकडे."

"पासष्ट साल घातलंय यावर."

"मग?"

"मग काय मग? पासष्टला चर कुठे होता?"

"चर कुठे असणार? चराच्या जागी!"

बाकावरच्या एकाच्या नाकातून कॉफी आली.

"अरे देवा," हिल्डिंग डोळे पुसत म्हणाला. "अरे बाबा, पासष्टला आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं जायचो! सदुसष्टच्या सप्टेंबरात एका सकाळी सगळा देश उजवीकडे गेला. तू कुठे होतास?"

"जहाजावर," स्टुरे म्हणाला. "ब्राझीलला."

"ब्राझीलला होता म्हणे. आम्ही इकडे चुकू नये म्हणून हाताला दोरा बांधून हिंडत होतो, आणि हा ब्राझीलला! पासष्टला चर डावीकडे, म्हणून हे डावं. आल्गोतनं बरोबरच लिहिलंय."

"आणि स्टिअरिंग तेव्हाही डावीकडेच," बाकावरचा एक म्हणाला. "ड्रायव्हर चराला खेटून बसायचा. समोरून कोण येतंय ते दिसायचं नाही त्याला. येड्यांचा कारभार."

"आल्गोतला तर मुळातच कमी दिसायचं," हिल्डिंग म्हणाला. "डॉक्टरनं त्याच सुमारास सांगितलं होतं त्याला, चार-पाच वर्षांत गाडी सोडावी लागेल म्हणून." बोलता बोलता त्यानं चिठ्ठी उलटली. 'चूक' आणि पुढची तीन उद्गारचिन्हं. त्यानं ती शेजाऱ्याला दिली, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला. कोणी हसलं नाही, आणि हसले असते तर बरं झालं असतं.

स्टुरे ब्रॅकेट घेऊन परत निघाला. अर्ध्या वाटेवर तो थांबला. उजवीकडे चर होता, गवतानं भरलेला. तो रस्ता ओलांडून डाव्या कडेला गेला. तिकडेही चर होता. अर्थातच होता, रस्त्याला दोन कडा असतात. तो तिथे उभा राहिला आणि त्याला फेब्रुवारी सहासष्ट आठवला.

फेब्रुवारी सहासष्ट. चराकडे. म्हणजे डावीकडे. स्टिअरिंगच्या बाजूला. तीन ठोकळे. क्लच, ब्रेक, गॅस. आणि मागचे ते चाप, पेडलवर अडकवायचे.

आल्गोतनं बायकोच्या पायांना टेकू केला नव्हता. त्यानं तिला गाडी दिली होती.

चिठ्ठी नाही.

घरी पोचेपर्यंत स्टुरेनं सगळा विचार करून पाहिला. चाप उडवलेले होते. एक ठोकळा राख झाला होता. ठोकळ्यांच्या चिठ्ठीचा अर्थ हिल्डिंगला माहीत नव्हता, कारण ती चिठ्ठी त्यानं पाहिलीच नव्हती. गप्प बसलं तर मिडसमरला स्टुरेच गाडी चालवेल, मार्गित शेजारी बसेल, पाय टेकून, आणि लोक म्हणतील ते म्हणतील. गप्प बसायला काहीच करावं लागत नव्हतं.

मार्गित पायरीवर बसून रुबार्बच्या भाजीचे आंबट देठ सोलत होती. तिचे पाय खालच्या पायरीला पोचत नव्हते. तो तिच्या पायांकडे बघत उभा राहिला.

"तुला गाडी चालवता येते?" तो म्हणाला. गप्प बसायचं ठरवून तो हे म्हणाला.

"येते."

"लायसन्स?"

"एकोणसत्तरपासून. पाकिटात आहे. तुझ्या फोटोच्या मागे."

"माझा फोटो आहे तुझ्या पाकिटात?"

"मग काय बदकाचा ठेवू?"

स्टुरे खालच्या पायरीवर बसला. "सहा वर्षांत बोलली नाहीस."

"सहा वर्षांत तू किल्ली कधी खाली ठेवलीस?"

"आणि ठोकळे? त्या दिवशी तू त्यांच्यावर पाय ठेवून बसलीस, मार्गित. तेव्हा तरी सांगायचंस."

तिनं एक देठ सोलून पातेल्यात टाकला. "तू इतका खूश होतास. आणि रागही आला होता मला. चुलीत घातलास तू. विचारलं असतंस एकदा."

मग स्टुरेनं, जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "त्यानंच शिकवलं?"

"त्यानंच. हिल्डिंगच्या जुन्या ट्रकवर, शेतात. ओरडायचा फार."

"ओरडायचा?"

"ओरडायचा म्हणजे! दोनदा मी ट्रक तिथेच सोडून चालत घरी आले."

स्टुरेला हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. थोडीशीच. "फार ओरडायचा?" त्यानं पुन्हा विचारलं. मार्गितनं त्याच्या डोक्यावर रुबार्बचं पान ठेवलं आणि ती आत गेली.

चिठ्ठी, स्टुरेच्या अक्षरात: लाकडी ठोकळे, ३. दोन त्याचे, एक माझा. पेडलवर. मार्गितसाठी. जून १९७९.

पाठीवर काही नाही.

चाप नव्यानं करायला त्याला आठवडा लागला. पहिले दोन तुटले, तिसरा सुटला. कातडं त्यानं आपल्या जुन्या बुटाचं कापलं, आणि त्याच्या ठोकळ्याची कड अशी झाली की कोणीही, अगदी टपालवालीही सांगेल, यातला कुठला कोणाचा. क्लचला आणि गॅसला त्यानं आल्गोतचे लावले. ब्रेकला आपला. निदान ती थांबेल तेव्हा पाय त्याच्या लाकडावर असेल.

मिडसमरच्या दिवशी पानाफुलांचा खांब उभा राहिला, नवे बटाटे आणि हेरिंग मासे खाऊन झालं, आणि मार्गित गाडीत चढली. स्टुरे दुसऱ्या बाजूनं बसला. त्याच्या बुटांखाली तळाच्या फळीला चार भोकं होती, त्यानंच पाडलेली.

पंपावर हिल्डिंग उभा राहिला, टोपी काढली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, "बघा रे, मार्गितची गाडी!"

स्टुरेनं ऐकलं. आल्गोतची नाही. त्याची स्वतःचीही नाही. त्यानं हात हलवला, कारण दुसरं काय करणार?

"पाय आपटू नकोस," मार्गित म्हणाली. "तिकडे ब्रेक नाही."

चर्चच्या चढाला तिनं गियर खाली घेतला. घेण्याआधी ओठांतल्या ओठांत म्हणाली, "एक, दोन, आता." गाडीला धक्कासुद्धा बसला नाही. आठ वर्षं मातीत आहे हा माणूस आणि अजून तिच्या तोंडून बोलतो.

"हे त्याचं," तो म्हणाला.

"काय?"

"एक, दोन, आता."

मार्गितनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुझं आहे ते. होडी धक्क्याला लावताना म्हणतोस."

"मी? मी काही म्हणत नाही."

"दर वेळी म्हणतोस."

स्टुरेला पटलं नाही. असं काही म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. ती त्याचं मन राखायला सांगत असेल, किंवा विसरली असेल, किंवा खरंच. पुढे गिरणीचा चढ होता, याहून मोठा. तो कान देऊन बसला. त्याच्या बाजूनं चर पळत होता, पांढऱ्या फुलांनी काठोकाठ भरलेला, खिडकीतून हात काढला असता तर लागला असता इतका जवळ.